जेल क्रीम की घट्ट क्रीम? महागडी बरणी उचलायच्या आधी

काउंटरवर दोन बरण्या शेजारी शेजारी ठेवलेल्या असतेत, दोन्ही जाड काचेच्या, दोन्हीवर मॉइश्चरायझर लिहिलेलं, किंमत पण जवळपास सारखीच म्हणजे घरातल्या महिन्याच्या किराण्याएवढी, आणि आपण काय करतो तर हाताला जी मऊ लागली ती उचलतो. मग महिनाभरानं म्हणायचं की एवढे पैसे घातले पण चेहरा होता तसाच कोरडा. अहो एक बरणी पाणी देणारी असते आणि दुसरी पाणी अडवणारी, दोघींची कामंच वेगळी, नाव तेवढं एक.

शेतीवाल्या घरात हे एका वाक्यात कळतंय: जेल क्रीम म्हणजे ठिबक आणि घट्ट क्रीम म्हणजे मल्चिंग पेपर.

जेलवाल्या क्रीमवर बहुतेक वेळा वॉटर क्रीम, जेल क्रीम, हायड्रेटिंग असलं काहीतरी लिहिलेलं असतंय. आत मुख्य माल म्हणजे पाणी, ग्लिसरीन, हायलुरॉनिक ॲसिड (हे पण ग्लिसरीनसारखंच पाणी धरून ठेवणारं) आणि वरून गुळगुळीत लागावं म्हणून थोडं सिलिकॉन. ग्लिसरीनचं काम पाणी ओढून धरायचं. हवेत ओलावा असला तर उत्तमच, पण हवाच कोरडी असली की ते कातडीच्या खालच्या थरातलं पाणी वर ओढतं आणि वर झाकण नसल्यामुळं ते उडून जातं. घट्ट क्रीममधे पण ग्लिसरीन असतं, पण त्याच्यावर पेट्रोलॅटम, मिनरल ऑइल, मेण, शिया बटर, सिरॅमाइड (कातडीत मुळातच असतो तसला स्निग्ध घटक) असा थर बसतो. नुसतं पेट्रोलॅटम, म्हणजे आपली साधी व्हॅसलिन, कातडीतून उडणारं पाणी ९८ टक्क्यांपर्यंत रोखते असं त्वचेचे डॉक्टर सांगतेत. १८७२ साली पेटंट झालेली वस्तू आहे ती, आणि पाणी अडवायच्या कामात तिला मागं टाकणारं अजून फारसं काही आलेलं नाही.

आता हे मुंबईच्या बाईला सांगायची तेवढी गरज नाही. तिथं हवाच दमट, तिथं जेल क्रीम लावून बाई दिवसभर टवटवीत. आपल्याकडं मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यात दुपारी हवेतला ओलावा २०-२५ टक्क्यांवर येतो, हिवाळ्यात परभणीचा पारा घसरला अशी बातमी दरवर्षी ठरलेलीच, आणि वरून बोअरचं जड पाणी, साबणाचा फेस होत नाही आणि झाला तर तो चेहऱ्यावरून नीट निघत नाही. आणि क्रीमच्या रीळ बनवणाऱ्या पोरी सगळ्या मुंबईच्या नाहीतर कोरियाच्या, तिकडची हवा बघून दिलेला सल्ला लातूरच्या गंजगोलाईत कसा चालंल.

माझ्या नणंदेनं दुबईहून येताना असलीच एक जेलवाली महागडी बरणी आणली होती आणि म्हणाली, वहिनी तुम्ही वापरून बघा, मला काय जमेना. नाव नाही सांगत, पण मोठा ब्रँड. झाकण उघडलं की काकडीसारखा गार वास, बोटावर घेतलं की पाणी सुटल्यासारखं होतं, लावायला इतकं छान वाटतं की आपण श्रीमंत झालो असं वाटावं. मी डाव्या गालाला ते आणि उजव्या गालाला मेडिकलमधली साधी सिरॅमाइडवाली घट्ट क्रीम असं लावून बघायला लागले. सकाळी नऊला डावा गाल जास्त चमकायचा, खरंच. दुपारी एक वाजता ऑफिसच्या आरशात बघितलं तर डाव्या बाजूला नाकपुडीच्या कडेला पांढरी पापडी सुटलेली, पावडर तिथंच गोळा झालेली, हसलं की गाल ओढल्यासारखा. उजवा गाल दिसायला साधाच होता पण मऊ. मग जेलवरून घट्ट क्रीमचा पातळ थर दिला तर दोन्ही बाजू सारख्या झाल्या, म्हणजे जेल वाईट नव्हतं, उघडं पडलं होतं. आणि तोच जेल ऑगस्टमधे, पाऊस लागून राहिलेला असताना, एकटा लावला तरी छान चालला.

महाग घट्ट क्रीमचं पण जरा बघू. जगातल्या सगळ्यात गाजलेल्या महागड्या क्रीमपैकी एक म्हणजे क्रीम द ला मेर, तिची गोष्ट अशी सांगतेत की मॅक्स ह्यूबर नावाच्या एरोस्पेसमधल्या शास्त्रज्ञानं भाजल्यानंतर स्वतःसाठी ती बनवली. तिच्या घटकांच्या यादीत आधी समुद्री शेवाळाचा अर्क येतो आणि त्याच्या मागोमाग मिनरल ऑइल, पेट्रोलॅटम, ग्लिसरीन. आता १९११ पासून मिळणाऱ्या निव्हियाच्या निळ्या डबीची यादी बघा, पाणी, मिनरल ऑइल, मेण, ग्लिसरीन. दोन्ही एकच आहेत असं मी म्हणत नाही, शेवाळाचा अर्क आहे, वास वेगळा, पोत वेगळा, पण पाणी अडवायचा जो सांगाडा आहे तो एकाच घराण्यातला. मैत्रिणीकडच्या एका दुसऱ्या महागड्या क्रीमच्या मागं कार्थेमस टिंक्टोरियस असं भारदस्त नाव होतं, शोधलं तर ती आपली करडई निघाली! परभणीच्या वावरात काट्यानं पाय सोलून काढणारी करडई, तिचं तेल काचेच्या बरणीत जाऊन बसलंय.

म्हणून बरणी हातात आली की पुढचं नाव सोडा आणि मागं वळवा. आपल्याकडच्या नियमानं एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमानं लिहावे लागतेत, एक टक्का किंवा त्याहून कमीचे मागं कसेही लिहिले तरी चालतं. त्यामुळं पुढून "सोन्याचे कण" आणि "मोत्याचा अर्क" लिहिलंय आणि मागं ते सुगंधाच्या पण नंतर आलंय, तर ते किती असंल तुम्हीच ठरवा. पहिल्या पाच-सहा नावांत पाणी, ग्लिसरीन, सिलिकॉन एवढंच असलं तर तो जेल. पेट्रोलॅटम, मिनरल ऑइल, बटर, मेण दिसलं तर घट्ट.

मग जास्तीचे पैसे जातेत कुठं? काच, वास, पोत, जाहिरात. पोताला मी कमी लेखत नाही, चिकट क्रीम कुणी रोज लावत नाही आणि रोज लावली नाही तर उपयोग शून्य, सासूबाईंना व्हॅसलिन कितीही दिली तरी "तेलकट तेलकट" म्हणून त्या बाजूला सारतेत. वासाचं मात्र उलटं, कातडी नाजूक असली तर त्याच सुगंधानं खाज सुटते, म्हणजे पैसे देऊन त्रास घ्यायचा. आणि रेटिनॉल (सुरकुत्यांसाठी घालतेत ते) किंवा व्हिटॅमिन सी असलेली क्रीम उघड्या तोंडाच्या बरणीत असली तर ती घेऊच नका, हवा आणि उजेड लागून ते खराब होतं, त्याला पंपाची नाहीतर ट्यूबचीच पॅकिंग पाहिजे. काचेची बरणी दिसायला भारी, पण त्या मालाला नडते.

माझं मत विचाराल तर जेल प्रकारात महाग घेणं आपल्या भागात परवडत नाही. काम ग्लिसरीन करतंय आणि ते स्वस्तातल्या जेलमधे पण तेच असतंय, आणि वर्षातले आठ-नऊ महिने त्याच्यावर दुसरं काहीतरी लावावंच लागतं. घट्ट प्रकारात थोडे जास्त पैसे घालायला हरकत नाही, पण ते सिरॅमाइडसाठी आणि बिनवासाच्या मालासाठी, आणि तसली क्रीम मेडिकलमधे हजाराच्या आत मिळते. अंघोळ झाली की चेहरा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत लावायची. चेहरा तेलकट असलेल्या पोरींनी घट्ट क्रीम फक्त रात्री, नाहीतर मुरूम येतेत आणि मग क्रीमच्या नावानं खडे फोडायचे.

तरीपण कुणाला ती महाग बरणी घ्यायचीच असली, लग्नाची खरेदी चाललीय, हौस आहे, तर घ्या की, हौसेला कुठं हिशोब असतो. फक्त दुकानात मनगटावर लावून बघू नका, तिथं एसी असतो आणि सिलिकॉनमुळं कुठलीही क्रीम दोन मिनिटं रेशमासारखीच लागते. टेस्टर गालावर लावा, बाहेर पडा, संभाजीनगरला असाल तर गुलमंडीत भर दुपारी साड्या बघत हिंडा आणि दोन तासांनी नाकाच्या कडेला बोट फिरवून बघा. पापडी लागली तर परत दुकानात जायची गरज नाही.