सन्नती-कनगनहळ्ळी

कर्नाटकातील प्राचीन बौद्ध स्थळ. कलबुर्गी जिल्ह्याच्या चितापूर तालुक्यात, भीमेच्या डाव्या तीरावर. बेळगाव-निपाणीकडील मराठी घरांत सन्नतीचे नाव असते ते चंद्रलांबा देवीमुळे. अनेक मराठी व कन्नड घराण्यांची ती कुलदेवता. येथील बौद्ध स्तूप मात्र मंदिरापासून काही किलोमीटरवर कनगनहळ्ळीच्या शिवारात आहे आणि दर्शन आटोपून निघालेली कुटुंबे पुष्कळदा तो न पाहताच परततात.

१९८६ मध्ये चंद्रलांबा मंदिराच्या आवारातील काली मंदिराचे छत कोसळले. त्या वेळी मूर्तीची बैठक म्हणून वापरलेली शिळा अशोकाच्या लेखाची असल्याचे उघड झाले. मूर्ती बसवण्यासाठी मध्यभागी खाच पाडल्याने काही अक्षरे कायमची गेली आहेत. शिळेवर अशोकाच्या चौदा शिलालेखांपैकी बाराव्या व चौदाव्या लेखांचे भाग आणि या मालिकेबाहेरचे दोन ‘स्वतंत्र’ लेख आहेत. हे स्वतंत्र लेख एरवी केवळ कलिंगातील धौली व जौगड येथेच आढळतात. ते इतक्या दूर भीमाकाठी का कोरले गेले, याचे सर्वमान्य उत्तर नाही.

कनगनहळ्ळीचे उत्खनन भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९९४ ते २००१ या काळात केले. स्तूपाला मढवलेले शिल्पपट चुनखडीच्या दगडाचे आहेत. घरोघरच्या शहाबादी फरशीचा पट्टा हाच. येथील लेखांत स्तूपाला ‘अधालक महाचैत्य’ (महाचैत्य म्हणजे मोठा स्तूप) म्हटले आहे; उत्खनन अहवालात ‘अधालक’ऐवजी ‘अधोलोक’ असे दिले आहे. त्यावरून पाताळाशी संबंध जोडण्यापेक्षा मूळ शब्द तसाच ठेवणे अधिक सुरक्षित वाटते. ‘राया असोको’ (राजा अशोक) अशी ब्राह्मी अक्षरे असलेले शिल्प सर्वांत प्रसिद्ध आहे. ते अशोकानंतर दोन-तीन शतकांनी घडले असावे. त्यामुळे त्याला समकालीन व्यक्तिचित्र म्हणता येत नाही. नावासह कोरलेली अशोकाची प्रतिमा म्हणून त्याचे मोल त्याने कमी होत नाही.

अधिक वाद आहे तो सिरि छिमुक सातवाहनाच्या सोळाव्या राज्यवर्षाच्या लेखाविषयी. हा राजा म्हणजे नाणेघाटातील प्रतिमालेखात उल्लेखिलेला सिमुक, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पुराणे त्याला २३ वर्षांचे राज्य देतात, त्याच्याशी सोळावे वर्ष विसंगत नाही. तथापि सातवाहनांचा आरंभ इ.स.पू. तिसऱ्या शतकात नेणारी दीर्घ कालगणना या लेखाने सिद्ध होत नाही. अक्षरवळण पाहता तो इ.स.पू. पहिल्या शतकाच्या आसपास ठेवणारे मत अधिक ग्राह्य दिसते. शिल्पपटांवर सातकर्णी, पुळुमावी इत्यादी राजेही नावांसह आढळतात. स्तूपाच्या अखेरच्या काळाविषयी पुरावा तुटपुंजा आहे.

बेळगावहून विजापूर-कलबुर्गी मार्गे येथे जाता येते; रेल्वेने नालवार स्थानक सोयीचे. बेळगावातील वडगाव-माधवपूर येथेही उत्खननात सातवाहनकालीन वस्ती उजेडात आली आहे, पण तेथील ब्राह्मी स्तंभलेख वैदिक यज्ञासंबंधीचा आहे.