सावड आणि प्रीती

आपल्या विदर्भात ज्याच्याकडे एकच बैल असतो, तो शेजाऱ्याशी सावड करतो, म्हणजे दोघे आपापला बैल जोडून आळीपाळीने दोघांचीही वावरे कसतात, आणि निंदणाला मजूर मिळेनासे झाले की दोन घरची माणसे आलटूनपालटून एकमेकांच्या वावरात राबतात. लग्नातला आहेरही याच जातीचा. कोणी किती दिले हे वहीत लिहून ठेवतात आणि त्या घरचे कार्य निघाले की वही पाहून तितके, जमल्यास थोडे अधिक, परत करतात. यात खोटे काही नाही. कोरडवाहू शेतीवर जगणारी गावे याच देवाणघेवाणीने तगली आहेत, आणि त्या गावांतली ख्रिस्ती घरेही त्यात सहभागी आहेत. घोटाळा होतो तो सावडीलाच आपण प्रीती म्हणू लागलो म्हणजे, कारण बाहेरून दोन्ही अगदी सारख्याच दिसतात.

प्रभू येशूने हा भेद एका परूश्याच्या, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहूद्याच्या, घरी जेवायला बसला असताना सांगितला. लूककृत शुभवर्तमानाच्या 14 व्या अध्यायात तो यजमानाला म्हणतो की, जेवणावळ घालशील तेव्हा मित्र, भाऊबंद आणि धनवान शेजारी यांना बोलावू नकोस, कारण ते उलट आमंत्रण देतील आणि तुझी फेड होऊन जाईल. ज्यांच्याजवळ फेड करायला काहीच नाही अशा गरिबांना, लंगड्यांना, आंधळ्यांना बोलाव. सावडीत माणूस जोडीदार पारखून घेतो. प्रीतीत समोरच्याची ऐपत पाहिली जात नाही. त्याच शुभवर्तमानातल्या दाखल्यात शोमरोन्याने, म्हणजे यहूदी ज्यांना परके मानत अशांपैकी एका वाटसरूने, वाटेत सापडलेल्या जखमी माणसासाठी उतारशाळेच्या रखवालदाराला दोन दीनार दिले. त्या काळी एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. वर जास्त खर्च झाला तर परत येताना देईन, असेही तो सांगून गेला. ती रक्कम जखमी माणसाने पुढे फेडावी, असे मात्र तो कुठेही म्हणत नाही.

हा फरक देताना सहसा कळत नाही, नंतर कळतो. करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला लिहिताना प्रेषित पौल म्हणतो की प्रीती अपकार स्मरत नाही. मूळ ग्रीकमध्ये तिथे जे क्रियापद आहे, ते हिशेब मांडण्यासाठी, खात्यावर धरण्यासाठी वापरले जाई. न फिटलेला उपकार आपल्या मनात हळूहळू अपकार होऊन बसतो, आणि आहेराची वही तेव्हाच उघडते.

पैसा किंवा श्रम परत मागण्यापेक्षा कौतुक परत मागणे अधिक अवघड जागी लपलेले असते, हे मला स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक आहे. आमच्या गल्लीतल्या एका आजारी आजींना मी दोन महिने रोज डबा पोचवला. बऱ्या झाल्यावर प्रार्थनासभेत त्यांनी साक्ष दिली, देवाचे आणि अनेकांचे आभार मानले. माझे नाव राहून गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही. एक पैसाही मागितला नव्हता, तरी मी वही ठेवली होती. नीतिमत्त्वाची कृत्ये लोकांनी पाहावी म्हणून करू नका, हे मत्तयाच्या 6 व्या अध्यायातले वचन मी कितीदा वाचले होते, पण त्या रात्री ते मला उद्देशून आहे असे प्रथमच वाटले.

मात्र, काहीही परत घ्यायचेच नाही असा हट्ट म्हणजे निःस्वार्थ प्रीती, ही समजूतही बरोबर नाही. पुढे पौषात त्याच आजींनी वाटीभर तुरीचे सोले सोलून आणले. मी म्हणालो, “आजी, कशाला? तुम्हालाच राहू द्या.” त्यांचा चेहरा उतरला. परतफेड नाकारून मी स्वतःला कायमचा देणारा आणि त्यांना कायमची घेणारी ठरवत होतो, आणि त्यातही माझा स्वार्थ होताच. मी वाटी घेतली, आणि त्या दिवशी आमच्या घरी सोल्यांची आमटी झाली. आजी जेवायला थांबल्या.