उष्माघात, शेजार आणि शिकागोच्या दोन वस्त्या

जुलै १९९५. अमेरिकेतल्या शिकागो शहरात १३ तारखेला पारा ४१ अंश सेल्सिअसला पोचला. चंद्रपूर किंवा अकोल्यात मे महिना काढलेल्या वाचकाला हा आकडा किरकोळ वाटेल. पण शिकागो मिशिगन सरोवराच्या काठावर आहे. त्या दिवसांत हवा इतकी दमट होती, की अंगाला जाणवणारा उष्मा काही भागांत ५० अंशांच्या वर गेला. रात्रीही गारवा नाही. विटांची घरं दिवसभर तापायची आणि रात्रभर ती धग आत सोडायची. हजारो घरांची वीज गेली. आणि तिथल्या लोकांच्या अंगाला अशा उन्हाची सवयच नव्हती.

आठवडा संपला तेव्हा शहरात नेहमीपेक्षा ७३९ माणसं जास्त दगावली होती. शवागारात जागा पुरेना, म्हणून आवारात शीतगृहाचे ट्रक आणून उभे केले. मेलेल्यांत म्हातारी, एकटी राहणारी माणसं फार. बंद खोली, बंद खिडक्या, दाराला आतून कडी. सुमारे ४० मृतांवर हक्क सांगायला कोणी आलंच नाही. त्यांना शहराबाहेरच्या दफनभूमीत एकाच लांब चरात पुरलं.

लाट ओसरल्यावर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचे, म्हणजे सीडीसीचे संशोधक घरोघरी गेले. त्यांनी ३३९ मृतांची माहिती गोळा केली आणि प्रत्येकासाठी त्याच भागातला, साधारण त्याच वयाचा, पण लाटेतून वाचलेला एक माणूस शोधला. मग दोघांची तुलना केली. घरात चालू एसी असलेले जास्त वाचले, अंथरुणाला खिळलेले जास्त गेले, यात नवल नव्हतं. पण एकट्यानं राहणाऱ्यांच्या मृत्यूची शक्यता दुपटीहून जास्त निघाली. ज्यांना कुठे जायचं तर गाडीघोड्याची सोय होती, त्यांचा धोका बराच कमी. ज्यांचे आसपास मित्र होते, जे कुठल्या ना कुठल्या मंडळात जात होते, त्यांचाही कमी. उन्हानं माणूस मरतो की नाही, याचा त्याच्या ओळखीपाळखीशी संबंध आहे, हे आकड्यांत उतरलं.

यापुढचं काम एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञानं केलं. शहराच्या पश्चिमेला नॉर्थ लॉनडेल आणि साउथ लॉनडेल या दोन वस्त्या एकमेकींना लागून आहेत. साउथ लॉनडेलला लोक लिटल व्हिलेज म्हणतात. आभाळ एकच, ऊन एकच. दोन्हीकडे गरिबी, दोन्हीकडे एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची संख्या मोठी. तरी नॉर्थ लॉनडेलमध्ये लाखामागे ४० मृत्यू झाले आणि लिटल व्हिलेजमध्ये जेमतेम ४. दहापट फरक!

नॉर्थ लॉनडेलमधून मोठमोठे उद्योग एकामागून एक निघून गेले होते. उद्योग गेले तशी दुकानं गेली, दुकानं गेली तशी माणसं गेली. मागे उरले मोकळे पडलेले भूखंड, ओसाड इमारती आणि कोपऱ्याकोपऱ्यावर अमली पदार्थांची विक्री. तिथली म्हातारी माणसं बाहेर पडायला घाबरत. बाहेर पडून जायचं तरी कुठे? जवळ ना वाण्याचं दुकान, ना बसायला जागा. अशी माणसं लाटेतही दारं-खिडक्या लावूनच बसली. लिटल व्हिलेजमध्ये २६व्या रस्त्यावर दुकानांची रांग, फुटपाथवर फळवाले, खाण्याच्या गाड्या, मुलाबाळांची वर्दळ, भरलेली चर्च. उकाडा असह्य झाला की म्हातारी माणसं खाली उतरायची आणि एखाद्या गार दुकानात जाऊन टेकायची. दुकानदार हाकलत नसे, ओळखत असे.

इथे मनात एक शंका येते. लिटल व्हिलेज ही मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या लोकांची वस्ती. मग हा त्यांच्या घट्ट कुटुंबव्यवस्थेचा परिणाम नसेल? आपल्यालाही हे उत्तर आवडेल, कारण आपणही कुटुंबाच्या नावानं निर्धास्त असतो. पण त्या वस्तीत जुने गोरे रहिवासीही मागे राहिले होते, मुलं दूर गेलेले, एकटे. तेही वाचले. दुसरा पुरावा शहराच्या दक्षिण भागातून मिळतो. एंगलवुड आणि ऑबर्न ग्रेशम, दोन्ही जवळजवळ पूर्णपणे कृष्णवर्णीय वस्त्या, दोन्ही शेजारी. एंगलवुडमध्ये लाखामागे ३३ मृत्यू, ऑबर्न ग्रेशममध्ये ३. ऑबर्न ग्रेशममध्ये फुटपाथ, दुकानं, खानावळी आणि गल्लीगल्लीतली रहिवासी मंडळं टिकून होती. कोण म्हातारं आहे, कोण आजारी आहे, कुणाचं दार ठोठवायचं, हे लोकांना आधीच ठाऊक होतं.

आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट लाटेच्या आधीची आहे. १९९० साली, म्हणजे उष्णतेची लाट नसलेल्या एका साध्या वर्षी, ऑबर्न ग्रेशममधलं सरासरी आयुर्मान एंगलवुडपेक्षा पाच वर्षांनी जास्त होतं. लाटेनं जे काही दिवसांत उघड्यावर आणलं, ते तिथे वर्षानुवर्षं संथपणे चाललेलं होतं.

उन्हात शेजारी इतका का लागतो, हे शरीराकडे पाहिलं की कळतं. आपलं शरीर उष्णता दोन वाटांनी बाहेर टाकतं. एक घाम. दुसरी वाट म्हणजे कातडीकडे जास्त रक्त पाठवणं, आणि त्यासाठी हृदयाला जोरानं पंप करावं लागतं. वय झालं की घाम कमी येतो, हृदयाची ताकद कमी असते, आणि तहान लागल्याची जाणीवही बोथट होते. त्यात लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या, हृदयाची गती आवरणारी बीटा-ब्लॉकर औषधं, मानसिक आजारांवरची काही औषधं या कामात अडथळा आणतात. (म्हणून गोळ्या परस्पर बंद करायच्या नाहीत. उन्हाळा सुरू होताना डॉक्टरांना विचारायचं.) आतलं तापमान ४० अंशांच्या पुढे गेलं की मेंदू गोंधळतो. माणूस असंबद्ध बोलतो, झापड येते, आपल्याला काही होतंय हेच त्याला कळत नाही. दात दुखला तर माणूस स्वतः डॉक्टरकडे जातो. उष्माघातात मात्र मदत मागायची शुद्धच आधी हरपते. जीव वाचायचा तर त्या वेळी दुसरं कोणीतरी समोर असावं लागतं. ‘काकू, आज आवाज असा का येतोय?’ असं विचारणारं, अंगावर पाणी ओतणारं, पंखा लावणारं, रुग्णवाहिका बोलावणारं.

पण उष्माघात हा टोकाचा प्रसंग झाला. रोजच्या तब्येतीचं काय? कॅलिफोर्नियातल्या अलामेडा परगण्यात १९६५ साली सुमारे ७,००० प्रौढांना विचारलं गेलं: लग्न झालंय का, मित्र-नातेवाईक किती भेटतात, चर्चमध्ये किंवा एखाद्या मंडळात जाता का? पुढची नऊ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. लिसा बर्कमन आणि लिओनार्ड साइम या संशोधकांनी १९७९ साली निष्कर्ष मांडले. ज्यांचे असे संबंध सगळ्यात कमी होते, त्यांचं मृत्यूचं प्रमाण सगळ्यात जास्त संबंध असलेल्यांच्या दुपटीहून अधिक होतं. धूम्रपान, दारू, वजन, सुरुवातीची तब्येत हे सगळं हिशेबात धरूनही फरक पुसला गेला नाही. २०१० साली ज्युलियन होल्ट-लन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी असे १४८ अभ्यास एकत्र केले. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसं होती. नातेसंबंध भक्कम असलेल्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त आढळली.

चाणाक्ष वाचक म्हणेल, आजारी माणूसच घरात बसतो, त्याचे संबंध आजारामुळे तुटतात, तुम्ही उलटं वाचताय. आक्षेप रास्त आहे, आणि तो पूर्ण खोडून काढणं अवघड आहे, कारण प्रयोगासाठी कोणाला वर्षभर एकटं ठेवता येत नाही. पण शेल्डन कोहेन या मानसशास्त्रज्ञानं त्याच्या जवळ जाणारा एक प्रयोग केला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात २७६ धडधाकट स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले आणि त्यांना वेगळं ठेवून रोज तपासलं. विषाणू सगळ्यांनाच दिला होता. ज्यांचे संबंध तीन किंवा त्याहून कमी प्रकारचे होते, त्यांना सर्दी होण्याची शक्यता सहा किंवा अधिक प्रकारचे संबंध असलेल्यांच्या चौपटीहून जास्त निघाली. इथे ‘प्रकार’ महत्त्वाचे: घरचे, शेजारी, कामावरचे, जुने शाळासोबती, देवळातले, मंडळातले. दहा मित्र एकाच ऑफिसातले असले, तर निवृत्तीच्या दिवशी दहाही जातात.

शरीरात हे कसं घडतं, याचे धागे बरेच हाती आले आहेत. आधार नसल्याची भावना मेंदू धोका म्हणून नोंदवतो. कॉर्टिसोल, ॲड्रेनलिन ही ताणाची संप्रेरकं चढी राहतात, रक्तदाब वाढतो, झोप तुटक होते, शरीरात मंद दाह टिकून राहतो. दुसरा मार्ग अगदी साधा आहे. ‘गोळी घेतलीस का’ विचारणारं कोणी असलं की गोळी घेतली जाते. समोर कोणी असलं की वरण-भात शिजतो, एकट्यापुरता चहा-बिस्किटावर भागतं. गुडघ्याचं दुखणं तिसऱ्यांदा ऐकून वैतागलेली मैत्रीणच शेवटी डॉक्टरकडे ओढून नेते.

शिकागोतली आणखी एक गोष्ट आपल्या पुरुष वाचकांनी लक्ष देऊन वाचावी. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांत बायकांची संख्या जास्त होती, तरी वयाचा हिशेब धरता पुरुषांचा मृत्युदर दुपटीहून जास्त होता. ज्यांच्यावर कोणी हक्क सांगितला नाही, त्यांत तर पुरुषच बहुसंख्य. पुरुषांची नाती नोकरीला आणि बायकोला टांगलेली असतात. दोन्ही सुटली की काही उरत नाही. आपल्याकडे बायकांनी भजनी मंडळ, भिशी, हळदीकुंकू, बचत गट असं जाळं विणून ठेवलंय, आणि त्याला आपण कित्येकदा रिकामटेकडेपणा म्हणून हिणवलंय. आरोग्याच्या दृष्टीनं ती फार मोलाची कामगिरी आहे.

आपल्याकडे एकत्र कुटुंब आहे, ही समजूत आता तपासायला हवी. २०१७-१८ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या साठीपुढच्या दर १०० माणसांतली सुमारे ६ एकटी राहत होती आणि २० फक्त जोडीदारासोबत. मुलगा पुण्यात, मुलगी कॅलिफोर्नियात, आई-बाबा गावी किंवा तिसऱ्या मजल्यावर, ही घरं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. मुलांचं प्रेम कमी असतं असं मुळीच नाही. पण दुपारी दोन वाजता व्हिडिओ कॉलवरून कपाळाला हात लावता येत नाही.

आणि इथे ‘माणसं जोडा, बाहेर पडा’ असा उपदेश मला पुरेसा वाटत नाही. बाहेर पडायचं कसं? लिफ्ट नसलेली इमारत, दुचाक्यांनी अडवलेला फुटपाथ, चालत्या बसमध्ये चढायची वेळ, जवळपास स्वच्छतागृह नाही. मधुमेह असलेली बाई दर तासाला लघवीला जावं लागतं म्हणून देवळात जाणं बंद करते. तिचं एकटेपण स्वभावातून आलेलं नाही, ते नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातून आलंय. बाक, सावली, सपाट फुटपाथ, विरंगुळा केंद्र, चालू असलेलं वाचनालय या आरोग्यसेवाच आहेत, दवाखान्याइतक्याच खऱ्या. चाळीचा व्हरांडा गेला, वाड्याचा चौक गेला. त्या जागी आलेल्या टॉवरमध्ये माणसं एकमेकांसमोर येतील अशी जागा आराखड्यातच ठेवायला हवी. ज्येष्ठ नागरिक संघाला खोली मागायला दरवर्षी अर्ज का करावा लागावा?

शिकागोनं धडा घेतला. १९९९ साली पुन्हा लाट आली तेव्हा महापालिकेनं गार हवेची केंद्रं उघडली, तिथे न्यायला मोफत बस ठेवल्या, आणि पोलीस व कर्मचारी एकट्या वृद्धांची दारं ठोठवत फिरले. मृत्यू ११०च्या आसपास झाले. फ्रान्समध्ये ऑगस्ट २००३ च्या लाटेत सुमारे १५,००० माणसं जास्त मेली, बरीचशी म्हातारी, घरचे सुट्टीवर गेलेले. त्यानंतर २००४ च्या कायद्यानं प्रत्येक नगरपालिकेला एकट्या आणि अशक्त लोकांची नोंदवही ठेवणं बंधनकारक केलं. नाव नोंदवणं ऐच्छिक आहे. लाटेचा इशारा आला की त्या यादीतल्यांना फोन जातो आणि उत्तर नसेल तर कोणीतरी घरी जातं. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला आणि महिनाभरात १,३४४ जादा मृत्यू झाले. २०१३ साली त्या शहरानं उष्मा कृती आराखडा आणला, पुढे नागपूरनंही आणला. या आराखड्यांत इशारे, पाणपोया, दवाखान्यांची तयारी असते. त्यात दार ठोठवणाऱ्याचं नाव असायला हवं.

ते नाव वरून येईपर्यंत थांबायचं कारण नाही. एका सोसायटीला, एका गल्लीला एक वही पुरते. त्यात एकट्या किंवा दोघंच राहणाऱ्यांची नावं, औषधं, मुलांचे फोन आणि कुणाकडे जादा किल्ली आहे तेवढं लिहायचं. ज्यांच्याशी त्यांची रोज गाठ पडते त्या दूधवाल्याला, पेपरवाल्याला, घरकामाच्या मावशींना, वॉचमनला सांगून ठेवायचं, की पिशवी तशीच दारात दिसली तर कुणाला कळवायचं. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, तो आकडाही पहिल्या पानावर लिहावा. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागण्याआधी, एप्रिलमध्येच, दुपारची पाळी ठरवावी: सोमवारी कोण, मंगळवारी कोण. जाताना हातात पन्ह्याचा तांब्या असला की तपासणीला आल्यासारखं वाटत नाही, आणि चार घटका बसायला निमित्त मिळतं.