पाच सह्या आणि साठ कोटी डॉलर

गेममध्ये पैसे मोजून घेतलेली तलवार किंवा गाडी खरं तर खेळाडूची नसतेच. तिची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते. कंपनीने खातं बंद केलं की विषय संपला. ब्लॉकचेनवाले म्हणतात, ही नोंद अनेक संगणकांवर सारखीच ठेवा, म्हणजे कुणा एकाला ती परस्पर खोडता येणार नाही आणि खेळाडूला आपली वस्तू खुशाल विकता येईल.

याची सगळ्यात मोठी परीक्षा झाली ‘ॲक्सी इन्फिनिटी’त. व्हिएतनामच्या स्काय मेव्हिस कंपनीचा हा खेळ. गोंडस ॲक्सी प्राण्यांच्या झुंजी लावायच्या. जिंकलं की ‘एसएलपी’ नावाची टोकन, म्हणजे डिजिटल नाणी, मिळत, ती बाजारात विकता येत. सुरुवातीलाच तीन ॲक्सी विकत घ्यावे लागत. 2021 मध्ये, करोनाने कामधंदे बसलेल्या फिलिपिन्समध्ये अनेकांचं घर यावर चाललं. ज्यांना प्राणी परवडत नसत त्यांना दुसरा कुणी ते खेळायला देई आणि कमाईत वाटा घेई. याला म्हणत ‘स्कॉलरशिप’. आपल्याकडे बटाईने जमीन कसतात, त्यातलाच प्रकार!

गोम टोकनच्या हिशेबात होती. प्रत्येक विजयातून नवी टोकन तयार होत. ती खर्ची पडत मुख्यतः नवे ॲक्सी पैदा करायला. पण ते विकत घेणार कोण? नवे खेळाडू. त्यांचा ओघ आटला आणि टोकनचे ढीग साचले. जुलै 2021 मध्ये 30 सेंटच्या वर गेलेला भाव पुढच्या वर्षी एका सेंटच्याही खाली घसरला.

त्यातच चोरी झाली. इथेरियम या सार्वजनिक ब्लॉकचेनवर प्रत्येक व्यवहाराला शुल्क फार पडे, म्हणून कंपनीने ‘रोनिन’ ही स्वतःची ब्लॉकचेन उभारली होती. तिथून पैसे काढायला नऊपैकी पाच पडताळणीदारांच्या (व्यवहार तपासून मंजूर करणाऱ्यांच्या) डिजिटल सह्या लागत. त्यातले चार स्काय मेव्हिसचेच. पाचव्याच्या वतीने सही करायची परवानगी गर्दीच्या काळात कंपनीला तात्पुरती मिळाली होती. गरज सरली, पण परवानगी काढून घ्यायचं राहून गेलं. 23 मार्च 2022 रोजी 1,73,600 इथर (इथेरियमचं चलन) आणि 2.55 कोटी यूएसडीसी (डॉलरशी भाव बांधलेलं डिजिटल चलन) चोरीला गेले, म्हणजे साठ कोटी डॉलरहून जास्त. सहा दिवस कुणाला पत्ता नव्हता. एकाला 5,000 इथर काढता येईनात, तेव्हा बोंब झाली. एफबीआयने उत्तर कोरियाच्या लाझारस या हॅकर टोळीकडे बोट दाखवलं. कुणा एकाच्या हाती सत्ता नको म्हणून आणलेल्या तंत्रात पाच सह्या एकाच घरात गोळा झाल्या होत्या, हे मला चोरीपेक्षाही बोलकं वाटतं.

मालकीचंही तसंच. ‘एफ-वन डेल्टा टाइम’ या ब्लॉकचेनवरच्या शर्यतीच्या गेममधली एक गाडी 2019 मध्ये एक लाख डॉलरहून जास्त किमतीला गेली. फॉर्म्युला वनचं नाव वापरायच्या परवान्याचं नूतनीकरण झालं नाही, मार्च 2022 मध्ये गेम बंद पडला. ब्लॉकचेनवरच्या नोंदीने गेम काही चालू राहिला नाही.

स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने तर ऑक्टोबर 2021 मध्येच ब्लॉकचेन गेमना दार बंद केलं. गंमत अशी, की त्याच स्टीमवर ‘काउंटर-स्ट्राइक’ या गेममधल्या बंदुकांच्या स्किनची, म्हणजे रंगरूपाची, खरेदी-विक्री 2013 पासून जोरात चालू आहे, तीही ब्लॉकचेनशिवाय.