श्वानप्रजनन आणि नवजात पिल्लांची निगा

नर आणि मादी पारखून, त्यांची आरोग्यतपासणी करून पिल्ले घेणे आणि ती नव्या घरी जाईपर्यंत सांभाळणे, याला जबाबदार श्वानप्रजनन म्हणतात. त्यातले बरेचसे काम मीलनाआधीच उरकायचे असते. ‘कुत्री एकदा तरी व्यायली पाहिजे, म्हणजे तिची तब्येत चांगली राहते’ हा समज सर्रास आढळतो, पण त्याला वैद्यकीय आधार नाही. पिल्लांसाठी चांगली घरे आधीच ठरलेली नसतील, तर मादीची नसबंदी करणे हाच शहाणपणाचा मार्ग.

मादी साधारण दर सहा महिन्यांनी माजावर येते. पहिल्या माजात तिची स्वतःचीच वाढ चालू असते, त्यामुळे तेव्हा मीलन टाळतात. मोठ्या जातींत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो. त्याचा पक्का निर्वाळा देणारा एक्स-रे दोन वर्षांच्या वयात काढतात, म्हणून तोवर थांबणे इष्ट. डोळे, हृदय आणि त्या त्या जातीचे आनुवंशिक आजारही तपासले जातात. ब्रुसेला कॅनिस या जंतूची रक्तचाचणी नर-मादी दोघांचीही हवी, कारण या संसर्गाने गर्भपात होतो आणि तो माणसालाही लागू शकतो. मर्ल रंगाच्या, म्हणजे फिकट अंगावर गडद डाग असलेल्या, दोन कुत्र्यांची जोडी लावू नये. त्यांची काही पिल्ले बहिरी किंवा आंधळी निपजतात. मीलनाचा नेमका दिवस प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या चाचणीवरून ठरवता येतो.

गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा. चौथ्या आठवड्यात सोनोग्राफीत गर्भ दिसतात. पिल्ले मोजायची तर 55व्या दिवसानंतरचा एक्स-रे जास्त भरवशाचा. आहार शेवटच्या तीन आठवड्यांत हळूहळू वाढवतात. या काळात कॅल्शियमच्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनाने देऊ नयेत. त्यामुळे शरीराची कॅल्शियम राखण्याची यंत्रणा सुस्तावते आणि दूध पाजताना मादीला झटके येण्याचा धोका वाढतो.

विण्याची पेटी आठवडाभर आधी मांडून मादीला तिची सवय लावतात. आतल्या बाजूने कठडा असला, तर आईच्या पाठीमागे सापडलेले पिल्लू चिरडत नाही. मादीचे तापमान 37.2 अंश सेल्सिअसखाली उतरले की बहुधा 24 तासांत कळा सुरू होतात. अर्धा तास जोराच्या कळा देऊनही पिल्लू आले नाही, दोन पिल्लांमध्ये दोन तासांहून जास्त खंड पडला किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव दिसला, तर वाट न पाहता पशुवैद्यकाला गाठावे. चपट्या नाकाच्या जातींत सिझेरियनची तयारी आधीच ठेवलेली बरी.

नवजात पिल्लाचा पहिला शत्रू म्हणजे गारठा. त्याला कुडकुडताही येत नाही आणि स्वतःचे तापमानही राखता येत नाही. पहिल्या आठवड्यात पेटीत 29 ते 32 अंश ऊब लागते. दिवा किंवा गरम पॅड एकाच कोपऱ्यात ठेवतात, म्हणजे उकडले तर पिल्लू सरपटत बाजूला होते. गार पडलेल्या पिल्लाला घाईघाईने दूध पाजणे ही नेहमीची आणि जिवावर बेतणारी चूक. गारठ्याने त्याचे आतडे थंडावलेले असते, दूध पचत नाही आणि श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. आधी सावकाश ऊब, मगच दूध.

आईचा चीक पहिल्या 24 तासांत मिळायलाच हवा. रोगप्रतिकारक द्रव्ये आतड्यातून रक्तात शिरण्याची वाट त्यानंतर बंद होते. आई नसेल तर गाईच्या दुधाऐवजी पिल्लांसाठीचे तयार दूध दोन-तीन तासांनी पाजतात. पाजताना पिल्लू पालथेच धरायचे, बाळासारखे उताणे नाही. प्रत्येक वेळी ओल्या कापसाने पोटाखालचा भाग हलकेच चोळावा लागतो, कारण आईने चाटल्याशिवाय त्याला शी-शू होत नाही.

प्रकृती कळायला स्वयंपाकघरातला ग्रॅमचा वजनकाटा पुरतो. रोज ठरावीक वेळी वजन घ्यावे. जन्माचे वजन दहा दिवसांच्या आसपास दुप्पट होते. सगळी पिल्ले सारखीच दिसतात, म्हणून गळ्यात रंगीत दोरे बांधतात. दोरे दररोज सैल करावे लागतात, हे पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. एखाद्याचे वजन दिवसभर वाढले नाही, तर ते वरकरणी धडधाकट दिसले तरी तपासून घ्यावे.

डोळे 10 ते 14 दिवसांत उघडतात, कान थोडे मागून. गोलकृमी आईच्या पोटातच पिल्लांत उतरतात, म्हणून जंतनाशक दोन आठवड्यांपासून, दर पंधरवड्याला, आईलाही सोबतच देतात. तिसऱ्या आठवड्यापासून माणसांचा स्पर्श, घरातले आवाज आणि वेगवेगळ्या जमिनींची ओळख सुरू करावी. आठ आठवड्यांआधी पिल्लू आईपासून तोडू नये. भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचे, हे ते याच दिवसांत शिकत असते.