कलचाचणीच्या मागची ७५ वर्षे

२०१६ साली दहावीच्या गुणपत्रिकेबरोबर राज्यातल्या मुलांच्या हाती आणखी एक कागद पडला. त्यावर सात क्षेत्रे होती: कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैवविज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. मुलाचा ओढा यांपैकी कशाकडे आहे, हे त्यात सांगितले होते. राज्य मंडळाच्या दहावीच्या सगळ्या मुलांसाठी घेतलेली ही पहिली कलचाचणी. बहुतेक घरांत तो कागद घडी घालून फाइलमध्ये गेला आणि बोलणे पुन्हा टक्क्यांवर आले. त्याचा दोष पालकांच्या माथी मारणे सोपे आहे. पण तो कागद समजावून सांगणारे माणूस शाळेत का नव्हते, याचे उत्तर शोधायला बरेच मागे जावे लागते.

आपल्याकडे व्यवसाय मार्गदर्शन शाळेबाहेर जन्मले. कोलकाता विद्यापीठाच्या उपयोजित मानसशास्त्र विभागाने १९३८ मध्ये त्याचा स्वतंत्र कक्ष काढला. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय व्होकेशनल गायडन्स ब्यूरो हे खाजगी केंद्र उभे राहिले, १९४७ मध्ये पारशी पंचायतीने आपले केंद्र काढले. मुंबई यात पुढे असणे साहजिकच होते. गिरण्या, गोदी, रेल्वेचे कारखाने, बँका, विमा कंपन्या एवढ्या तऱ्हेची कामे एकाच शहरात असली, की बापाचाच धंदा मुलाने करावा हा नियम सैल होतो आणि ‘मग करायचे काय’ हा प्रश्न उभा राहतो.

१९५० मध्ये मुंबई सरकारने स्वतःचे व्यवसाय मार्गदर्शन केंद्र सुरू केले. त्याचीच पुढे व्यवसाय मार्गदर्शन व निवड संस्था झाली. नावातला ‘निवड’ हा शब्द महत्त्वाचा आहे. मुलाला कोणते काम जमेल हे सांगणे आणि एखाद्या जागेसाठी योग्य उमेदवार वेचून काढणे, या दोन्हींसाठी मानसशास्त्रीय चाचण्या त्याच असतात. मात्र पहिल्यात प्रश्न मुलाचा असतो, दुसऱ्यात मालकाचा. ही सरमिसळ आपल्याकडे सुरुवातीपासूनची आहे. चाचणी म्हटले की आजही मुलांना ‘पास की नापास’ असेच वाटते.

चाचण्या मराठीत आणण्याचे काम मात्र त्याआधीच सुरू झाले होते. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या बुद्धिमापन कसोट्या मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवल्या. त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९४० चा. नुसत्या भाषांतराने हे काम भागत नाही. प्रश्न मराठीत आणून पुन्हा शेकडो मुलांवर तपासावे लागतात, कोणत्या वयाचे मूल किती सोडवते याचे मानदंड नव्याने ठरवावे लागतात. परदेशी मुलांचे मानदंड तसेच ठेवले तर खेड्यातले हुशार मूल कागदावर मंद ठरते. बाजारात मिळणाऱ्या कित्येक स्वस्त ‘ॲप्टिट्यूड टेस्ट’ आजही इथेच घसरतात.

खुंटी आणि टांगलेली वस्तू

शाळेच्या दारातून मार्गदर्शन आत आले ते मुदलियार आयोगामुळे. डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालच्या माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५३ मध्ये अहवाल दिला आणि बहुउद्देशीय शाळांची कल्पना मांडली. मुलांनी माध्यमिक शाळेतच सात गटांतून एक निवडायचा: मानव्य, विज्ञान, तांत्रिक, वाणिज्य, कृषी, ललित कला, गृहविज्ञान. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला गट निवडायला लावायचे तर सांगणारे कोणीतरी हवे, म्हणून मार्गदर्शन अधिकारी आणि ‘करिअर मास्टर’ नेमण्याची शिफारस आली. १९५४ मध्ये दिल्लीत केंद्रीय शैक्षणिक व व्यावसायिक मार्गदर्शन केंद्र सुरू झाले.

ही सात नावे २०१६ च्या सात नावांशेजारी ठेवून पाहावीत. सहा दशकांनंतरही यादी जवळपास तीच. गृहविज्ञान गेले, गणवेशधारी सेवा आल्या, विज्ञानाच्या जागी आरोग्य व जैवविज्ञान आले. मधल्या काळात संगणक आले, गिरण्या गेल्या, सेवाक्षेत्र वाढले. या खान्यांना त्याचा फारसा धक्का लागला नाही.

करिअर मास्टर म्हणजे वेगळी जागा नव्हती. गणिताचा किंवा इंग्रजीचाच शिक्षक, त्याला थोडक्या मुदतीचे प्रशिक्षण, मग व्हरांड्यात एक फलक आणि कात्रणांची फाइल. तासिका पूर्ण भरलेल्या, वर वेगळे वेतन नाही. तो शिक्षक बदलून गेला की फाइल कपाटात आणि किल्ली शिपायाकडे. आजही शाळांना अशीच कामे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून लावली जातात आणि त्यांचे तेच होते.

त्याच काळात शिवराव समितीने (१९५२–५४) सेवायोजन कार्यालयांनीही तरुणांना व्यवसाय मार्गदर्शन करावे, असे सुचवले. प्रत्यक्षात ही कार्यालये लोकांच्या तोंडी ‘एम्प्लॉयमेंट’ झाली. दहावी-बारावी झाल्यावर एम्प्लॉयमेंटला नाव घालायचे, कार्ड काढायचे, मुदत संपण्याआधी नूतनीकरण करायचे आणि कॉलची वाट पाहायची. सल्ला घ्यायला तिथे जाणारा विरळाच.

मग कोठारी आयोग आला (१९६४–६६). जे. पी. नाईक त्याचे सदस्य-सचिव होते. या आयोगाने दहावीपर्यंत सर्वांना समान सामान्य शिक्षण द्यावे, गट पाडणे त्यानंतर, अशी भूमिका घेतली. शिक्षण म्हणून ती योग्यच होती; चौदाव्या वर्षी मुलाला वर्कशॉपकडे किंवा वाणिज्याकडे ढकलणे अन्यायाचे ठरते. परंतु शाळेतले मार्गदर्शन ज्या खुंटीला टांगले होते ती खुंटी, म्हणजे बहुउद्देशीय शाळा, त्यामुळे निघाली. मार्गदर्शन प्राथमिक शाळेपासून असावे आणि दर दहा माध्यमिक शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, हेही आयोगाने सांगितले होते. १०+२+३ हा आकृतिबंध लागू झाला. समुपदेशक कागदावर राहिला.

महाराष्ट्रात जुनी अकरावी जाऊन १९७५ मध्ये नव्या दहावीची पहिली तुकडी बाहेर पडली. तेव्हापासून कला, वाणिज्य की विज्ञान हा प्रश्न सोळाव्या वर्षी, जूनमध्ये आणि निकालानंतरच्या थोड्या दिवसांत सोडवायचा झाला. शिवाय तो प्रश्न ना शाळेचा राहिला ना कॉलेजचा. शाळा दाखला देऊन मोकळी, कॉलेज गुणवत्ता यादी लावून मोकळे.

मार्गदर्शनाचे प्रवेश-मार्गदर्शन कसे झाले

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा वाढल्या, आणि मूल कशात रमेल यापेक्षा कुठे नंबर लागेल हा प्रश्न मोठा झाला. पुढे सीईटी, कॅप राउंड, पसंतीक्रम, कटऑफ ही नवी भाषाच तयार झाली आणि ती येणारा माणूस ‘करिअर मार्गदर्शक’ ठरला. मे महिन्यात मंगल कार्यालयांत होणाऱ्या मेळाव्यांत बहुतेक वेळ याच भाषेत जातो. ती माहिती निरुपयोगी नाही. ऑप्शन फॉर्ममध्ये क्रम चुकला तर वर्षभर पस्तावावे लागते. पण ती प्रवासाचे तिकीट काढून देते, कुठे जायचे ते आधीच ठरलेले असते.

दुसरी वाट काढण्याचा प्रयत्न झाला नाही असे नाही. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणाने उच्च माध्यमिकच्या १० टक्के मुलांना १९९० पर्यंत आणि २५ टक्के मुलांना १९९५ पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रमांत नेण्याचे लक्ष्य ठेवले. महाराष्ट्रात एमसीव्हीसी, म्हणजे किमान कौशल्यांवर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम, त्यातूनच आले. लक्ष्य गाठले गेले नाही. कमी गुण पडलेल्यांना तिकडे पाठवायचे, हा शाळांतला अलिखित सल्ला त्याला बराच कारणीभूत होता.

याला एक ठळक अपवाद पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. त्यांचा मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम आठवी ते दहावीच्या मुलांना आठवड्यातला एक दिवस हाताने काम करायला लावतो: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. वेल्डिंग, घरातले वायरिंग, माती परीक्षण, रक्तातले हिमोग्लोबिन तपासणे अशी ती कामे. त्याला कोणी करिअर मार्गदर्शन म्हणत नाही. पण तीन वर्षांत मुलीने वेल्डिंगची ठिणगीही पाहिली आणि रक्ताचा थेंबही तपासला, तर पुढे कलचाचणीतल्या ‘तांत्रिक’ आणि ‘आरोग्य’ या शब्दांना तिच्यापुरता काही अर्थ असतो.

कलचाचणीची मर्यादा नेमकी इथेच आहे. कल म्हणजे आवड. ती पाहिलेल्या गोष्टींतूनच तयार होते. ज्या गावात पगारदार म्हणून दिसतात ते शिक्षक, पोलीस आणि सुट्टीवर आलेला फौजी, तिथल्या मुलाचा गणवेशाकडे ओढा दिसला तर तो त्याच्या पिंडाइतकाच त्याच्या गावाबद्दलही बोलत असतो. अभिक्षमता वेगळी: शाब्दिक तर्क, संख्या, आकृत्या फिरवून पाहणे, यांत्रिक आकलन. यासाठी १९४७ च्या डीएटी या अमेरिकी चाचणीत आठ उपचाचण्या होत्या आणि आपल्याकडचे अनेक संच त्याच वळणाचे आहेत. २०१६ च्या चाचणीने फक्त कल पाहिला, क्षमता पाहिली नाही. अभिक्षमतेची जोड नंतर आली.

अहवालातला आलेख वाचतानाही गफलती ठरलेल्या. सर्वांत उंच रेघ पाहायची आणि तीच शाखा घ्यायची, ही पहिली. वरच्या दोन-तीन रेघांत थोडकेच अंतर असेल तर त्या सारख्याच धरायच्या असतात. सगळ्या रेघा सपाट आल्या तर मूल ‘कशातच नाही’ असे नसते. बहुधा त्याने अजून फार काही पाहिलेले नसते, किंवा कंटाळून बटणे दाबलेली असतात. आवड एकीकडे आणि क्षमता दुसरीकडे दिसली, की तिथे यंत्र थांबते आणि कोणीतरी मुलाशी बसून बोलावे लागते. दार बंद करणारे निर्णय वेगळे काढून दाखवणे हेही त्याच बोलण्यात येते. अकरावीला गणित सोडले तर अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखा गेल्या, जीवशास्त्र सोडले तर नीटची वाट अवघड झाली. उलट दहावीनंतर पदविका केली तर थेट दुसऱ्या वर्षाला पदवीत शिरता येते, हे कित्येक पालकांना ठाऊक नसते.

२०२० मध्ये शालेय शिक्षण विभागाने युनिसेफच्या मदतीने महाकरिअर पोर्टल उघडले. सरल क्रमांक (शाळेतला विद्यार्थी नोंदणी क्रमांक) टाकून नववी ते बारावीच्या मुलांना त्यात अभ्यासक्रम, महाविद्यालये, शिष्यवृत्त्या पाहता येऊ लागल्या. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय धोरणाने सहावी ते आठवीत दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे काम शिकण्याचे सुचवले. माहितीचा दुष्काळ त्यामुळे संपला असे म्हणता येईल. समुपदेशकाचा मात्र आहे तसाच आहे.

आणि समुपदेशक फार महाग होता असेही नाही. कोठारी आयोगाचेच प्रमाण घ्या. वर्षाचे २०० कामाचे दिवस, दहा शाळा, म्हणजे दर शाळेला २० दिवस. दिवसाला चार तास प्रत्यक्ष बोलण्याचे धरले तर ८० तास, म्हणजे अर्ध्या तासाच्या १६० भेटी. साठ-साठच्या दोन तुकड्या असलेल्या शाळेत दहावीच्या प्रत्येक मुलाला एक भेट मिळून ४० भेटी उरतात; त्या पालकांसाठी किंवा अडलेल्या मुलांसाठी वापरता येतात. अट एकच, यातले जमतील तेवढे दिवस दिवाळीआधी बसवायचे. दिवाळीनंतर सराव परीक्षा सुरू होतात आणि मूल कोणाचेच नसते.

२०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. दहापर्यंत महाविद्यालयांचे पसंतीक्रम भरायचे असतात. शाखा त्याच अर्जात, एका यादीवर बोट ठेवून निवडायची असते.