सिंधुदुर्ग : माणसं कमी होत गेलेला जिल्हा

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या तीनच जिल्ह्यांची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली : मुंबई शहर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. सिंधुदुर्गात २००१ मध्ये ८,६८,८२५ माणसं होती, ती ८,४९,६५१ उरली. राज्यातला सर्वांत कमी लोकसंख्येचा जिल्हा हाच. घरांना कुलपं लागलीत, हे आमच्याकडे फार पूर्वीपासून बोललं जातं. त्याचं कारण शोधायला सुरुवात जमिनीपासून करावी लागते.

जिल्ह्याचं क्षेत्रफळ ५,२०७ चौरस किलोमीटर. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला १२१ किलोमीटरचा किनारा आणि दोहोंमध्ये जेमतेम चाळीस ते साठ किलोमीटरची पट्टी. उत्तरेला रत्नागिरी, दक्षिणेला गोवा, घाटावर कोल्हापूर आणि बेळगाव. पाऊस उदंड. आंबोलीला वर्षाकाठी सरासरी सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पण गड, कर्ली, तेरेखोल या नद्या आखूड आहेत. डोंगरावर पडलेलं पाणी पाहता पाहता खाडीला मिळतं. (आंबोलीतच उगम पावणारी हिरण्यकेशी मात्र पूर्वेला, घटप्रभेकडे जाते.) वर जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं पठार, त्यावर बोटभर माती, पावसाळा सरला की गवत वाळून पिवळं. भात पिकतं ते खालच्या मळ्यात. पाणी टिकलं तर उन्हाळी वायंगण, म्हणजे भाताचं दुसरं पीक, होतं. म्हणून वस्तीही एका जागी दाटलेली नाही. उतारावर, जिथे विहिरीला पाणी लागतं तिथे, वाडी. मग पुढे दुसरी वाडी. २०११ मध्ये आठांपैकी एकच माणूस शहरी भागात राहत होता. राज्यात चौरस किलोमीटरला सरासरी ३६५ माणसं, इथे १६३.

वाटण्या होत गेल्या आणि मळ्याचे तुकडे एका कुटुंबाला वर्षभर पुरेनासे झाले. घरटी एकदोघं मुंबईला गेले, मुख्यतः गिरणीत. गावात त्यांच्या मनीऑर्डरीवर चूल पेटायची. बाईमाणसं, म्हातारे आणि पोरं मागे राहिली. आजही जनगणनेत हे दिसतं. २००१ मध्ये दर हजार पुरुषांमागे १,०७९ स्त्रिया होत्या, २०११ मध्ये १,०३६. त्याच वर्षी राज्याचा आकडा ९२९ होता. जिल्ह्याच्या या आकड्याचं कौतुक होतं, पण त्यात परगावी गेलेले पुरुष दडलेले आहेत हे विसरून चालणार नाही.

हा मुलूख एका कारभाराखाली फार उशिरा आला. मालवण, देवगड, वेंगुर्ला हा किनारा ब्रिटिशांच्या रत्नागिरी जिल्ह्यात होता. वाडी, बांदे आणि कुडाळ या तीन विभागांचं सावंतवाडी संस्थान वेगळं. १९४८ मध्ये संस्थान विलीन झालं आणि तो भागही रत्नागिरीला जोडला गेला. सावंतवाडीकडच्या माणसाला जिल्ह्याच्या कचेरीत एका कागदासाठी दीडशे किलोमीटरहून लांब जावं लागे. अखेर बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री असताना, १ मे १९८१ रोजी, दक्षिण रत्नागिरीचा सिंधुदुर्ग झाला. नाव घेतलं मालवणच्या किल्ल्याचं, ज्याचं बांधकाम शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये सुरू केलं. मुख्यालय मात्र जुन्या शहरांपैकी एकालाही न देता कुडाळजवळच्या ओरोसला केलं. हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो : किनारा आणि संस्थान, दोघांनाही ते सारखंच परकं होतं. आज तालुके आठ आहेत. दोडामार्ग त्यातला सर्वांत नवा, सावंतवाडीतून निघालेला.

जिल्हा होऊन नऊ महिनेही झाले नव्हते, तोच १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. मनीऑर्डरी आटल्या. काही जण परतले, बहुतेकांनी मुंबईतच दुसरं काम धरलं, आणि पुढच्या पिढीनं बिऱ्हाड डोंबिवली, नालासोपाऱ्याकडे हलवलं. चाकरमानी जिथून गेला तो जिल्हा आणि जिथे गेला ते मुंबई शहर, दोन्ही २०११ च्या त्या तिघांच्या यादीत आहेत.

१९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून घोषणा झाली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ उघडला. यानं गाव जवळ आलं खरं, पण जाणंही तितकंच सोपं झालं. माणसं घटल्याची किंमत राजकीयही आहे. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत विधानसभेच्या चार जागांच्या तीन झाल्या.

जनगणनेचे मोजणारे २०११ मध्ये फेब्रुवारीत आले होते. गणपतीत हीच घरं पाय ठेवायला जागा नसेल इतकी भरतात, पण ती गर्दी कुठल्याच रकान्यात येत नाही. पुढची जनगणना १ मार्च २०२७ ची स्थिती नोंदवणार आहे. तेव्हा शिमग्याला अजून तीन आठवडे असतील.